सहावा

रात्रपाळी सुटली की शिरोलीहून येताना
उचगावच्या ओढ्यापाशी गाडी बंद करतो.
पंधरा दिवस झाले.
करंजाच्या गचपणात कोण तरी बोलतंय
आणि मला ते ओळखू येत नाही.

मला. बापूसो नेजदारला.
एकोणतीस वर्षं फौंड्रीत कास्टिंग वाजवून बघणाऱ्याला.
हातोडीची एक टिचकी, अन् कान सांगतो :
खणखणीत, पुढं जाऊ दे.
बद्द, आत चीर आहे, परत भट्टीत टाक.
डोळ्याला न दिसणारी चीर
कानाला दिसते, असं मी नव्या पोरांना सांगतो.

तर हा पक्षी खणखणीत आहे. एवढंच कळलं.
चिल्लर सांडल्यागत,
पण घाईनं नव्हे, नाणं नाणं मोजून.

चहाच्या गाड्यावरचा गुलाब मुजावर म्हणाला,
बुलबुल असंल हो, दुसरं काय असतंय.
बुलबुल नव्हे. बुलबुल बोलतो ते भांडल्यागत.
दयाळ नव्हे. दयाळ तारेवर चढून गातो,
सगळ्या गल्लीनं ऐकावं म्हणून.
शिंपी एकच मुद्दा धरून बसतो, माझ्या चुलत्यासारखा.
आणि तांबट तर आमच्याच धंद्यातला,
दिवसभर ठोकणारा.

मग मगदूम बाई.
तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, आता बागेला पाणी घालतात.
कंपाउंडबाहेरून शीळ घालून दाखवली
तर बाईंनी पाईप खाली टाकली.
झाडाच्या शेंड्यावरून, का बुडातून?
कमरेएवढ्या उंचीवरून.
एका दमात?
एका दमात.
सूर किती?
पाच.
पाच? बाईंनी दोनदा विचारलं.
शेवट वर चढतो, का तिथंच तुटतो?
तुटतो.
पाईपचं पाणी त्यांच्या चपलेखाली साठत होतं.
म्हणाल्या, असा पक्षी मला माहीत नाही.
उद्या बरोबर कुणाला तरी न्या.
लहान कानाचं कुणी तरी.

मैथिली, माझी धाकटी, सातवीत.
गणवेशावर स्वेटर, डोळ्यांत झोप,
गाडीवर मागं बसून आली.
तो बोलला.
मी बोटं मिटत गेलो. पाच. मूठ भरली.
तिनं मूठ भरली
आणि दुसऱ्या हाताचं एक बोट वर धरलं.

सहावा हाय की, पप्पा.
बारीक. सुईगत. वरच्या अंगाला.

परत बोलला. परत माझी मूठ,
परत तिचं ते बोट.
कसा वाजतो, म्हटलं.
तिनं ओठ गोल केले, मान जरा उचलली.
ओठ हलले.
माझ्यापर्यंत नुसता वारा आला.

कधी गेला असेल तो?
ग्राइंडरखाली, का नॉकआउटच्या दणक्यात,
कानात घालायचा कापूस
शर्टाच्या खिशात तसाच धुऊन निघाला त्या वर्षांत?
जाताना आवाज होत नाही आवाजाचा.
घरात टीव्ही मोठा करतात म्हणून बायको ओरडते,
मला वाटायचं, तिचा स्वभाव.

बाईंना जाऊन सांगितलं : सहा. शेवट वर.
त्यांनी श्वास घ्यायच्या आत नाव सांगितलं.
निळा माशीमार. चिमणीपेक्षा बारका,
अंग निळं, छाती नारिंगी.
नाव गेटपासच्या मागं लिहून घेतलं.
खिशात आहे.
ओढ्यापाशी रोज थांबतो, तो रोज बोलतो,
पाच माझ्याशी आणि एक
माझ्या डोक्यावरून, कुणाशी तरी.

काल रात्री पंपाची एक बॉडी हातात आली.
टिचकी मारली. खणखणीत.
परत मारली. खणखणीत.
एकोणतीस वर्षांत मी पास केलेलं सगळं
कुणाच्या विहिरीवर, कुणाच्या ट्रॅक्टरखाली
आता या घटकेला फिरत असेल.
बॉडी बाजूला ठेवली.
सुपरवायझर आवटे आला, काय झालं, बद्द आहे?
नाही, म्हटलं. राहू दे.
सकाळी अजून कुणाला तरी ऐकू दे.